उभ्या गाडीचं ॲव्हरेज

रामप्रसाद : ...आणि ती काच आधी वर घे. एसी चालू असताना काच उघडी ठेवली की ॲव्हरेज पडतं.

दीपमाला : अहो, गाडी उभी आहे.

रामप्रसाद : उभ्या गाडीलाही ॲव्हरेज असतं. शून्य असतं, पण असतं.

बद्रीनाथ : राहू द्या वैनी उघडी. धरणावरचा वारा हाय, त्याला डिझेल लागत न्हाई. सर, तुमी शीट मागं घ्या. खालचा खटका वढा. हां. आता पडा निवांत. सायेब असंच पडायचे.

रामप्रसाद : कोण साहेब?

बद्रीनाथ : गाडीचे मालक. पुढारी हायेत. नाव कावून विचारता, तुमाला गाडी घ्यायची हाय का तिकीट?

दीपमाला : बिंदुसराचं पाणी किती लांब गेलंय हो यंदा. पण बघा ना, वाऱ्यानं नुसतं हलतंय, तर आपणच चाललोय असं वाटतंय. पाणी मागं, आपण पुढं.

रामप्रसाद : याहून स्वस्त प्रवास नाही. बीडपासून पालीपर्यंत आलो तेवढाच खर्च. बद्रीनाथ, मला एक सांगा. आठ वर्षांची गाडी, आणि मीटरवर माझ्या स्कूटरपेक्षा कमी किलोमीटर. हे कसं?

बद्रीनाथ : आईशप्पथ सर, मीटर फिरवलेलं न्हाई. बारा वर्षं झाली जुन्या गाड्यांच्या धंद्यात, मीटरला मी हात लावत न्हाई. ही गाडी चाललीच न्हाई. थांबली. लग्न असलं की मांडवाभाईर थांबली, मयत असली की तिथं थांबली. सायेब आत, गाडी भाईर.

रामप्रसाद : बंद करून?

बद्रीनाथ : बंद कशी? सायेब आले की गाडी गार पायजे. एसी चालू, डायवर आत झोपलेला. भाषण लांबलं तर तीन-तीन घंटे.

रामप्रसाद : म्हणजे इंजिन पळालं, गाडी पळाली नाही. एका जागी उभी राहून म्हातारी झाली.

बद्रीनाथ : म्हातारी कावून म्हणता? अनुभवी म्हणा. बाकीचं बघा की. टायर कोरे. क्लच कोरा. पाचवा गियर तर सायबानं अजून पाह्यलेलाबी न्हाई.

दीपमाला : सीट मात्र मऊ आहे हो. मला तर झोप यायला लागली.

रामप्रसाद : झोपू नकोस, निर्णय घ्यायचाय. नीट समजून घे. डिझेल गाडी घ्यायला महाग, दुरुस्तीला महाग, विम्याला महाग. पळवायला तेवढी स्वस्त. त्यामुळं जितकं जास्त फिरू तितकी बचत जास्त.

दीपमाला : आणि आपण कुठं फिरतो?

रामप्रसाद : घर ते कॉलेज.

दीपमाला : ते तुम्ही चालत जाता.

बद्रीनाथ : तसं जवळजवळ फिरवायचं असंल तर डिझेल नका घेऊ सर, खरं सांगतो. डिझेलला लांबचं रनिंग लागतं. न्हाई पळवली की धूर आतल्या आत बसतो, मंग सगळं चोंदतं. माणसाचंबी तसंच हाय.

रामप्रसाद : त्याचा मी विचार केलाय. दर रविवारी बाहेर पडायचं. कपिलधार. सौताडा. धारूरचा किल्ला.

दीपमाला : त्यानं होईल?

रामप्रसाद : नाही. गणित निम्म्यावर अडतं. उरलेल्या निम्म्यासाठी नातेवाईक लागतील.

दीपमाला : आहेत की आपल्याला नातेवाईक.

रामप्रसाद : बीडमधल्या बीडमध्ये राहणाऱ्यांचा डिझेलला उपयोग नाही. शंभर किलोमीटरच्या पुढचे पाहिजेत.

बद्रीनाथ : गंगाखेडला माझा मेव्हणा हाय. त्याला भेटत जा. लई एकटा असतो.

दीपमाला : मला तर कुणाकडंच नको जायला. पहाटे उठायचं, चहा थर्मासमध्ये भरायचा. मी पुढं बसणार, पाय वर घेऊन. सीताफळाच्या दिवसांत बालाघाट हिरवागार असतो. एसटीसारखं नेकनूरला कुणी टोपली घेऊन आत शिरणार नाही, कुणी म्हणणार नाही, ताई, लेकराला मांडीवर घ्या. दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या गाड्या भांड्याकुंड्यांसकट निघतात ना, त्याच रस्त्यानं जायचं. पण रिकाम्या हातानं. कुणी मुकादम वाट बघत नाही, कुठं पोचायचं नाही. नुसता रस्ता येतोय आणि आपण त्याला येऊ देतोय.

बद्रीनाथ : वैनी, काय बोलता हो तुमी. सर, वैनीसाठी तरी घ्या.

दीपमाला : आणि मग कधीतरी केजवरून पुढं, युसूफ वडगावला.

(एसीचा आवाज. रामप्रसाद सीट सरळ करतो.)

बद्रीनाथ : युसूफ वडगावला काय हाय?

दीपमाला : माझं माहेर. आई एकटीच असते. भाऊ, हा धोंड्याचा महिना. जावयाला बोलवायचं, धोंडे-अनारसे खाऊ घालायचे. आईनं बोलावणं केलंय, चार वेळा केलंय. महिना परवा संपतो. आणि जावई मागच्या धोंड्याला गेलते, त्यानंतर तिकडं फिरकले नाहीत. तीन वर्षं मी एकटीच एसटीनं जाते. मी दारात पोचले की आई माझ्या मागं बघत राहते, अजून कुणी येतंय का.

रामप्रसाद : यंदा जाऊ म्हणालोय ना मी. गाडी आली की जाऊ.

दीपमाला : परवापर्यंत नाही आली तर? पुढचा धोंडा पुन्हा तीन वर्षांनी. आईचं वय काय, तिचे गुडघे काय. तोवर ती... जाऊ द्या. पण एसटी असताना गाडीच कावून पाहिजे, ते तरी सांगा.

रामप्रसाद : सोय म्हणून.

दीपमाला : अहो.

रामप्रसाद : मागच्या वेळी मी एसटीनंच आलो होतो. तू दोन दिवस आधी गेली होतीस. फाट्यावर उतरलो, तिथून चालत. श्रावणाचा चिखल, पाय घोट्यापर्यंत भरलेले. मी फाटकाशी पोचलो आणि नेमके तुझे मोठे दाजी आले. अभिमन्यूराव. त्यांच्या त्या मोठ्या डिझेल गाडीतून.

दीपमाला : बरं मग?

रामप्रसाद : तुझी आई दारात तांब्या घेऊन उभी. जावयाचे पाय धुवायचा तांब्या. तिनं माझ्याकडं बघितलं. माझ्या पायांकडं बघितलं. आणि तांब्या घेऊन गाडीकडं गेली. गाडीला पाणी घातलं. सगळं.

बद्रीनाथ : अरारारा.

रामप्रसाद : एम.ए. आहे मी. बारावीच्या पोरांना मागणीचा नियम शिकवतो. जाऊन नळावर पाय धुतले.

बद्रीनाथ : लई वाईट झालं सर. हे कुणाबराबर होऊ नये.

रामप्रसाद : तेव्हाच ठरवलं, पुन्हा त्या फाटकात जायचं तर चार चाकांवर. आणि डिझेलच. आवाज आत घरापर्यंत गेला पाहिजे.

दीपमाला : थांबा, थांबा. तुम्ही तीन वर्षं एवढ्यासाठी रुसलात? मला वाटत होतं, अनारसे मोजून कमी दिले म्हणून.

रामप्रसाद : मी मोजले नव्हते.

दीपमाला : अहो, आईनं गाडीला पाणी नाही घातलं, गाडीत घातलं! दाजींची गाडी तापली होती. केजपासूनच काटा वर चढला होता म्हणे. फाटकापर्यंत कशीबशी आली. पुढून वाफ निघत होती, दाजी बोंबलत होते, पाणी आणा, पाणी आणा! आईच्या हातात भरलेला तांब्या होता. माणूस काय करणार?

रामप्रसाद : वाफ?

दीपमाला : एवढी वाफ, तुम्हाला दिसली नाही?

रामप्रसाद : मला वाटलं, धूप लावलाय.

बद्रीनाथ : तापल्या गाडीत गार पाणी? वैनी, इंजिनाचं हेड गेलं आसंल.

दीपमाला : गेलंच. टोचन करून नेली दुसऱ्या दिवशी. दाजींबरोबर आलेली सुनिताताई आठ दिवस माहेरातच अडकली. नंतर दाजींनी विकून टाकली ती.

रामप्रसाद : कुणाला?

दीपमाला : कुणातरी पुढाऱ्याला.

रामप्रसाद : रंग कोणता होता?

दीपमाला : पांढरा.

बद्रीनाथ : सर, असं बघू नका माझ्याकडं. पुढाऱ्यायच्या सगळ्याच पांढऱ्या असत्यात.

दीपमाला : ही नाही हो ती. तिच्या मागच्या काचेवर दाजींनी पोरांची नावं लिहिली होती, खरवडूनसुद्धा निघाली नव्हती.

रामप्रसाद : पण मग तिनं मला काही सांगितलं कसं नाही?

दीपमाला : सांगायला सापडलात कुठं? ती दुसरा तांब्या भरून आणेपर्यंत तुम्ही नळावरून येऊन पाय पुसत होता. तांब्या तसाच आत नेला बिचारीनं. म्हणाली, रामप्रसाद घाईत दिसतात. अजून म्हणते, त्या वर्षी एका जावयाचे पाय राहिले माझ्याकडून.

रामप्रसाद : असं म्हणते?

दीपमाला : दर खेपेला. मला वाटायचं, म्हातारं माणूस, काहीतरी बोलतं.

रामप्रसाद : बद्रीनाथ, इंजिन बंद करा.

बद्रीनाथ : केलं. आवाज बघा सर बंद केल्यावरचा. काहीच न्हाई.

दीपमाला : आता गाडी चालल्यासारखी नाही वाटत. पाणीच हलतंय नुसतं.

बद्रीनाथ : मंग काय ठरलं गाडीचं?

रामप्रसाद : गाडी उत्तम आहे. पण मला ती कुठं जायला नको होती. एका दारात उतरायला हवी होती. तेवढ्यासाठी आठ वर्षांचं इंजिन पाळणं परवडत नाही.

बद्रीनाथ : उतरायलाच पायजे ना? मंग बसा की! आत्ता सोडतो युसूफ वडगावला. ट्रायल समजा. पाचवा गियरबी टाकून बघू एकदा.

रामप्रसाद : नको. मांजरसुंब्याला सोडा फक्त. तिथून एसटीनं जातो.

बद्रीनाथ : एसी सोडून धुळीत कावून जाता?

रामप्रसाद : एसीतून उतरलेल्या पायांचं धुवायचं काय? फाट्यावरून चालत जाऊ. काय गं, चालशील ना?

दीपमाला : तुम्ही थांबा जरा, फोन लागलाय... हॅलो. आई? मी दीपा. अगं, येतोय आम्ही. आजच... हो, दोघं... दोघं म्हणजे दोघं, किती वेळा सांगू... एसटीनं. दिवस मावळेपर्यंत पोचू... धोंड्यांचं राहू दे, ते उद्या कर. आधी दारात पाणी भरून ठेव... नाही गं, प्यायला नाही.