या, माझ्या वायफायला या!

विश्वास ठेवायचा तरी कोणावर, सांगा ना मला तुम्हीच! नाही, हसू नका, हा प्रश्न मला माणसाने नाही विचारला, लॅपटॉपने विचारला, आणि तोही भर दुपारी, विद्यापीठातल्या आंब्याखालच्या बाकावर, माझा जीव टांगणीला लागलेला असताना... ‘या सर्व्हरवर तुमचा विश्वास आहे का?’ अहो, कोण हा सर्व्हर? कुठल्या गावचा? आई कोण त्याची? मी केजेतिया बाजारात आयुष्य घालवलंय कापड विकण्यात, माझ्या गाळ्यावर नवं माणूस आलं की मी आधी त्याच्या आईचं गाव विचारते, मग मामाचं नाव विचारते, आणि मग कुठे कापडाचं टोक त्याच्या हातात देते. आणि ह्याचं नाव म्हणजे नुसते आकडे आणि ठिपके! खाली दोन बटणं, हो आणि नाही. चौकशी करायला तिसरं बटणच नाही!

तुम्हाला सांगते, ही आफिया सेर्वा काही रिकामटेकडी म्हणून तिथे जाऊन बसली नव्हती. माझी शाळा लहानपणीच सुटली, पुढचं सगळं गिऱ्हाइकांनी शिकवलं, पण मोठ्या वयाच्यांसाठी विद्यापीठाची परीक्षा असते ती दिली, आणि पास झाले! बाजारातल्या बायकांनी मला डोक्यापासून पायापर्यंत पांढरी पावडर फासली, आमच्याकडे जिंकून आलेल्याला फासतात तशी, नाचवत गाळ्यापर्यंत आणलं, शेजारच्या चपलावाल्याने तर रडून घेतलं, का ते त्यालाच ठाऊक... आता उरलं होतं एकच, विषयांची नोंदणी. शुक्रवारी चारपर्यंत करायची, विद्यापीठाच्या सुरक्षित नेटवर्कवरूनच करायची, आणि नाही केली तर जागा दुसऱ्याला! सांगा, एवढी पावडर लावून घेतलेल्या बाईने सोमवारी गाळ्यावर कुठल्या तोंडाने बसायचं?

बरं, सुरक्षित म्हणजे किती सुरक्षित? भिंतीवर सूचना चिकटवलेली, ‘नेटवर्कला कसं जोडायचं याची माहिती आमच्या वेबपानावर आहे.’ आणि ते वेबपान कुठे उघडतं? नेटवर्कला जोडल्यावर! ज्याने हे लिहिलं त्याने एकदा तरी स्वतःच्या घराबाहेर अडकून बघावं, एवढंच मी म्हणते.

मग मी आपली माझ्या मनानेच जोडायला लागले. आधी लॅपटॉपने नाव विचारलं, दिलं. मग ओळख विचारली, आता नाव दिल्यावर आणखी कसली ओळख, पण दिली. त्याखाली आणखी एक रकाना, ‘निनावी ओळख’! अहो, ओळख म्हणजे ओळख, ती निनावी कशी? माझ्याकडे कोणी चेहरा झाकून आला आणि म्हणाला, ‘आंटी, मी निनावी ओळखीचा आहे, दोन वार उधार द्या,’ तर मी काय करीन? आणि पासवर्ड! मोठं अक्षर हवं, आकडा हवा, चिन्ह हवं, स्वतःचं नाव नको... पोराचं बारसंसुद्धा आम्ही इतक्या अटी न घालता करतो. सगळं भरलं, बटण दाबलं, आणि पुन्हा तेच! ‘या सर्व्हरवर तुमचा विश्वास आहे का?’

मी ‘नाही’ दाबलं. खोटं कशाला बोला?

सर्व्हरने मला सरळ दाराबाहेर काढलं.

गेले मग मदत कक्षात. खुर्ची दिसली, बसले. आता आपल्याकडे कोणी दारात आलं तर आपण काय करतो? बसायला देतो, पाणी देतो, ते पिऊन होऊ देतो, आणि मगच विचारतो की बाई, सगळं ठीक ना, काय काम काढलंत? हे साहेब, आग्येकुम नाव त्यांचं, पडद्यावरून मान न उचलता म्हणतात, “तिकीट नंबर?” म्हटलं, बाळा, मी बसने आले, तिकीट फेकून दिलं. “ते तिकीट नाही हो आंटी, तक्रारीचं तिकीट. वेबपानावरून काढायचं असतं.” कुठल्या वेबपानावरून, ते मी विचारलंच नाही. मी नुसती बघत राहिले त्याच्याकडे, गिऱ्हाईक भाव पाडून मागतं तेव्हा बघते तशी. शेवटी त्याचं त्यालाच कसंतरी झालं, पाण्याची पिशवी पुढे केली, उजवा हात माउसवर म्हणून डाव्या हाताने, आणि वर म्हणाला, “डावा हात आहे, माफ करा हं.” मग कुठे मला वाटलं की हा आपल्यातलाच आहे.

म्हटलं, तुझा आहे का रे विश्वास त्या सर्व्हरवर?

“आंटी, आम्ही वाचतच नाही. हो दाबतो.”

हे सुरक्षित नेटवर्क! मी पाणी संपवलं, ‘हो’ दाबलं, आणि काय सांगू, लागलं की हो! पडद्याच्या कोपऱ्यातल्या वायफायच्या त्या छोट्या पंख्याच्या सगळ्या पात्या भरल्या!

तिथेच बसून नोंदणी उरकली असती तर आज तुमच्यासमोर बोलायला काही उरलंच नसतं. पण हवा छान होती, मी आपली आंब्याखाली गेले. बाकावर माझ्या शेजारी पोरं बसलेली, एक क्वाबेना म्हणून उंच मुलगा, एक डेडे म्हणून वेण्यांची मुलगी, आणखी दोघंतिघं, सगळ्यांच्या हातात फोन आणि कोणालाच नेटवर्क नाही, सगळ्यांची खाती कुठे ना कुठे अडकलेली. आणि मी मधोमध, माझं भरलेलं ताट घेऊन! आता तुम्हीच सांगा, चार माणसं शेजारी उपाशी असताना आपण एकट्याने तोंड चालवतो का? घास उचलायच्या आधी तोंडून निघतंच ना, या, जेवायला या! तसंच माझ्या तोंडून निघालं, “या पोरांनो, माझं लागलंय, या!”

आता रीत काय आहे? बोलावणाऱ्याने बोलवायचं, आणि समोरच्याने म्हणायचं, ‘माझा हात ताटातच आहे, तुम्ही जेवा.’ संपलं! दोघांचीही अब्रू राहिली, जेवणही राहिलं. आणि ही पोरं? क्वाबेना म्हणतो, “खरंच आंटी? पासवर्ड काय?” डेडे म्हणते, “देव तुमचं भलं करो, आंटी!” आता दिलेलं आमंत्रण गिळायचं कसं? सांगितला पासवर्ड. चिन्हासकट.

पोरांशी गप्पा मारता मारता दुपार कधी कलली कळलंच नाही, आणि मी चष्मा पुसेपर्यंत लॅपटॉपला डुलकी लागली. जागा होऊन परत दाराशी गेला, तर दार बंद! ‘तुमच्या यंत्रांची मर्यादा संपली आहे.’ अहो, माझं एकच यंत्र आहे, आणि तेच बाहेर उभं आहे!

पुन्हा मदत कक्ष. आग्येकुम साहेबांनी पडदा माझ्याकडे फिरवला. “आंटी, तुमच्या नावाने पाच जण आत आहेत, आणि दार वाजवणारे आणखी डझनभर आहेत... हे सगळे फोन तुमचे?” म्हटलं, पाहुणे आहेत. “आणि हे बाहेरचे?” म्हटलं, पाहुण्यांचे पाहुणे असतील. तो म्हणाला, “सोपं आहे, पासवर्ड बदला, एका झटक्यात सगळे बाहेर.” मी म्हटलं, बाळा, तुझ्या आईने कधी कोणाला जेवायला बोलावून तोंडातला घास काढून घेतलाय का? तोही शेवटी कोणाचा तरी भाचा. घड्याळाकडे बघून हळूच म्हणाला, “मग ते आपणहून उठतील असं काहीतरी करा. पण लवकर करा, आंटी, चार वाजत आलेत.”

आता पाहुणा ताटावरून आपणहून कधी उठतो? दुसरं ताट आलं की! मी तशीच फाटकाकडे पळाले, वाकयेवालीकडून गरम गरम भात-चवळीची पानं बांधून घेतली, वर अंडी, वर तिखटजाळ शितोची चटणी, आणि बाकापाशी येऊन ओरडले, “पोरांनो, या, जेवायला या! पण आधी तो फोन माझ्यासमोर धरा आणि ‘हे नेटवर्क विसरा’ दाबा. विसरेल त्याला अंडं!” काय विसरली हो पोरं! मी आयुष्यात इतकं झटपट विसरणं पाहिलं नाही, माझी उधारीची गिऱ्हाइकं धरून. कुठल्या कुठल्या झाडांमागून माझी न पाहिलेली पाहुणेमंडळी धावत आली, विसरून दाखवायला!

जोडलं. ‘या सर्व्हरवर तुमचा विश्वास आहे का?’ म्हटलं, आहे रे बाबा, तुझ्यावर आहे, तुझ्या आईवर आहे, तुझ्या मामावर आहे, पण आत घे! घेतलं. पहिलं पान, दुसरं पान, तो फिरता गोल... फिरतोय, फिरतोय... शेजारून डेडे तोंडात घास ठेवून म्हणते, “आंटी, या ना जेवायला.” माझाच वाकये, मलाच आमंत्रण! म्हटलं, माझा हात ताटातच आहे, पोरी, तू जेव. आणि गोल थांबला. ‘नोंदणी पूर्ण.’ वरून मनोऱ्यातलं घड्याळ चारचे ठोके देतंय, आणि मी त्या बाकावर उभी राहून नाचतेय!

झालं? कुठलं हो! पुढच्या आठवड्यात आग्येकुम साहेबांनी बोलावलं. आता मात्र आधी पाणी दिलं, म्हणजे बातमी वाईट. ‘अतिवापर, खाते बंद.’ माझ्या नावावर एका दुपारीत तीन फुटबॉलचे सामने, एक अख्खी प्रार्थनासभा, वेण्या घालायचे ढीगभर व्हिडिओ, आणि कोणीतरी कोणाला तरी लग्नाची मागणी घालतानाचा तास दीड तासाचा कॉल. “हे सगळं तुम्हीच केलं, अशी इथे सही करा, म्हणजे खातं उघडतो.” काय करणार? पाहुण्याने काय खाल्लं ते चारचौघांत बोलून दाखवतात का? केली सही. फुटबॉल बघितला मी, वेण्या घातल्या मी, मागणीसुद्धा मीच घातली. फक्त ती पलीकडची मुलगी हो म्हणाली की नाही, तेवढं सांगा, म्हटलं.

तर आता नवा पासवर्ड आहे, आणि तो मी कोणालाही सांगितलेला नाही... असे बघताय काय माझ्याकडे? या सभागृहातही तेच नेटवर्क आहे, माहीत आहे मला, आणि तुमचे ते फोन मांडीवर कसे मुके होऊन पडलेत तेही दिसतंय. एवढी माणसं समोर आणि मी एकटीच... जाऊ दे. या! घ्या लिहून. पण एकच विनंती आहे, कोणी किती ओढलं त्याचा हिशेब मात्र खरा खरा ठेवा बरं का, सही मला करायची असते.