साधा पत्रा काढायचा होता!

...आणि तुम्ही म्हणता, पत्रा काढायला काय लागतं! शिडी, पाना आणि चार माणसं, एवढंच ना? मीही तेच समजत होतो हो! तुम्हाला सांगतो, केडगावात आमचं चार खोल्यांचं घर, वर सिमेंटचा पत्रा. आता आपल्या नगरमध्ये ज्याच्या डोक्यावर कधीच सिमेंटचा पत्रा नव्हता, तो एकतर आमदार नाहीतर झाडाखाली राहणारा! एमआयडीसीतून रिटायर झालो, म्हणलं पत्रा उतरवू, स्लॅब टाकू... कारण काय, तर नात! संस्कृती नाव, आठ महिन्यांची झाली, आणि अजून आमच्या उंबऱ्याच्या आत आलेली नाही. रोज मोबाईलमध्ये बघायची. दुकानाच्या काचेतून जिलेबी बघून कुणाचं पोट भरलंय का?

का आली नाही? सूनबाई! आमची धनश्री पुण्यात कंपनीत सेफ्टीला आहे. म्हणजे कुणी हेल्मेट घातलं नाही की ओरडायचं, त्याचा पगार. ती म्हणाली, "बाबा, त्या पत्र्यात ॲसबेस्टॉस असतं. त्याची धूळ छातीत गेली की पुढं कधीतरी कॅन्सर. पत्रे उतरल्याशिवाय मी बाळाला आणणार नाही. आणि उतरवायच्या आधी टेस्ट!"

टेस्ट? पत्र्याची? दुधाची टेस्ट ऐकलीय, मातीची ऐकलीय... पत्र्याला काय शुगर झालीय? अहो, साधा पत्रा काढायचा होता!

आमचा ठेकेदार गोरक्षनाथ तर हसायलाच लागला. "काका, आपुन काय पत्रा खातो का? दोन घन घातले की खाली!" त्याला म्हणलं, घन ठेव, सुनेचा हुकूम आहे, पत्रा ओला करायचा, मास्क लावायचा, नखाएवढा तुकडा अलगद काढायचा, पिशवीत बांधायचा आणि लॅबला पाठवायचा. तर हा म्हणतो कसा, "अन् नारळ?"

"अरे, कशाचा नारळ? तुकडा काढायचाय."

"तुकडा म्हंजी कामच की! नारळाबिगर म्या हात लावनार न्हाई."

झालं! आमची जयमाला हळदकुंकवाचं ताट घेऊन पत्र्याखाली उभी, मी मोबाईल धरून उभा, मोबाईलमध्ये सून, आणि गोरक्षनाथ वर. वर गेल्यावर साहेबांच्या लक्षात आलं, नारळ फोडायला दगड कुठाय? मग काय... "गणपती बाप्पा मोरया" म्हणला आणि हाणला की पत्र्यावरच! तुम्हाला सांगतो, नारळ शाबूत! पत्रा फुटला! जयमाला डोक्यापासून पायापर्यंत पांढरी, निरांजन विझलं, मोबाईलमधून धनश्री किंचाळतेय, "बाबा, बाहेर व्हा, सगळे बाहेर व्हा!" आणि वरच्या भोकातून गोरक्षनाथाचं तोंड, "काका, सॅम्पल निघालं!"

अहो, साधा पत्रा काढायचा होता!

रिपोर्ट आला. ॲसबेस्टॉस आहे. लॅबवाल्यानं फोनवर समजावून सांगितलं, "अख्खा असतो तोवर गप्प असतो, डिवचला की नडतो." जयमाला म्हणाली, "हे पत्र्याचं सांगताय का आमच्या ह्यांचं?"

ही बातमी नेवाशाला कशी पोचली देव जाणे, पण दुसऱ्या दिवशी दारात टेम्पो! आमचे मेव्हणे, बन्सी. आता आपल्याकडं रीतच आहे, घरावरचा जुना पत्रा उतरायच्या आधीच कुणीतरी सांगून ठेवलेला असतो. "दाजी, पत्रे मला कबूल केल्ते. शेळ्यांच्या गोठ्याला."

"अरे बन्सी, त्यात रोग आहे!"

"मंग शेळ्यांना कोन सांगायला जातंय?"

नाही दिले. टेम्पो मोकळा गेला. आणि जयमालानं माझ्याशी बोलणंच सोडलं. चहा यायचा, पण कप असा आपटायची की बशीला घाम फुटायचा.

मग पत्रे उतरवायला पुण्याहून माणसं आली. पांढरे सूट, तोंडावर हे एवढाले मास्क! गल्लीत बोंब, कोरोना परत आला! दूधवाला कॅन कोपऱ्यावरच ठेवून पळाला. आणि त्या लोकांनी पत्रे काय जपले हो... पाण्यानं भिजवले, एकेक बोल्ट हळूच सोडला, प्लास्टिकमध्ये गुंडाळून गाडीत निजवले. आमची वरातसुद्धा एवढी जपून निघाली नव्हती!

चला, सुटलो म्हणलं. पण स्लॅब होईपर्यंत राहायचं कुठं? गल्लीतच चांगुणाबाईंच्या दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या. सामान टाकलं, पाठ टेकली, वर बघितलं... सिमेंटचा पत्रा!

आणि तेवढ्यात फोन. "बाबा, उतरले ना पत्रे? मला घरून काम मिळालंय, आम्ही उद्या येतोय. चांगलं स्लॅब होईपर्यंत राहतो तुमच्याजवळ!"

काय सांगू? नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि आतून "या" बाहेर आलं. अहो, आठ महिने वाट बघितली होती! पत्रा नीट निरखून बघितला, कुठं तडा नाही, अख्खा होता. पण सुनेला अख्खा दाखवला काय आणि फुटका दाखवला काय, ती उंबऱ्यावरूनच माघारी! मग जयमालाच्या होत्या नव्हत्या त्या साड्या काढल्या आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत ताणून बांधल्या. पैठणीसकट. पत्रा गायब!

धनश्री आत आली, वर बघितलं... "अय्या बाबा, बाळासाठी मंडप? किती हौस!" पोरगी माझ्या मांडीवर टाकली. ती त्या रंगीत साड्या बघून खिदळायला लागली, माझं बोट धरून. रडलो मी, खोटं कशाला बोलू.

डोळे पुसतोय तोवर सूनबाई, "फार उकडतंय. साड्या सोडू का?"

"नको!" मी ओरडलोच. "बाळाचा मंडप सव्वा महिना सोडायचा नसतो."

"असं असतं?"

"आमच्याकडं असतं."

धनश्रीनं सासूकडं बघितलं. जयमालानं माझ्याकडं बघितलं. टेम्पो मोकळा गेल्यापासून बाईनं तोंड उघडलं नव्हतं, ते उघडलं. "हो, असतं."

सव्वा महिना परवा भरतोय. सकाळी गोरक्षनाथ येऊन सांगून गेला, "काका, स्लॅबला अजून दोन महिने धरा."

आता काय... रीत वाढवून घ्यावी लागणार!