पंखाचा दांडा

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील प्राचार्य मॅडम, आजचे सत्कारमूर्ती, म्हणजे माझे यजमान माधव निसळ, तंत्रनिकेतनातले त्यांचे सहकारी, विद्यार्थी आणि देवळाली प्रवराहून आवर्जून आलेली मंडळी, सर्वांना नीलांबरीचा नमस्कार.

यांच्या नोकरीबद्दल सगळे भरभरून बोलले. पण माझं चित्त काही थाऱ्यावर नाही. तुम्ही यांना निरोप देताय, आणि उद्यापासून हे दिवसभर विमानापाशी!

राधाकृष्णभाऊ वाळुंज समोर बसलेत. त्यांच्या उसाच्या मळ्यातल्या शेडमध्ये हे दोघं एकच माणूस बसेल एवढं लाकडी विमान बांधताहेत. लाकडी? हो, मीही असंच दचकून विचारलं होतं. पंखाच्या मुख्य दांड्याला सागवान जड पडतं. हलकं, सरळ रेषांचं, बिनगाठीचं लाकूड हवं. अखेर मुंबईच्या वखारीतून स्प्रूस नावाच्या परदेशी झाडाची फळी टेम्पोने आली. यांनी तिच्यावर शाईचा थेंब टाकला. शाई रेषांबरोबर सरळ धावली, म्हणजे लाकूड सरळ रेषांचं. भाऊंनी पेढे वाटले.

फळीला रंधा मारून झाला. एका दुपारी हे बॅटरी तिरपी धरून बघत होते, तर रेषांना आडवी, केसाएवढी सुरकुती दिसली. झाड वादळात फार वाकलं, की आतलं लाकूड असं चेंगरतं म्हणे.

भाऊ म्हणाले, "सर, रंगाखाली कोनाला दिसनार हाय? लई हिंडून आनलीय."

"दिसणार नाही हो. पण वर गेल्यावर मोडेल."

"न्हाई मोडली तर?"

हे सुरकुतीवरून नख फिरवत राहिले. खरं सांगू? मला आतून बरं वाटलं. म्हटलं, विमान बारगळलं, सुटले बाई! "अहो, आता राहू द्या ना," रात्री जेवताना मी बोलूनही गेले. जेवणावरून हे तसेच उठले.

दुसऱ्या दिवशी यांनी त्याच फळीच्या दोन पट्ट्या कापल्या, एक सुरकुतीची, एक बिनसुरकुतीची. दोन्हींना वजनं टांगली. चांगली पट्टी वाकत राहिली, करकरली, मग लांब चिरफाळत तुटली. सुरकुतीची मात्र गाजरासारखी कट्कन मोडली. भाऊ मटकन खालीच बसले. कारण आधी उडायचा मान यांनी त्यांना देऊ केला होता.

पुन्हा वखारी पालथ्या घातल्या. हे एकेक फळी उन्हात फिरवून बघत आणि परत करत. वखारवाले वैतागले, मीही वैतागले. शेवटी मनासारखी मिळाली. आता दांडा तयार आहे, वाळूच्या गोण्या लादून पारखलाय. उड्डाणाची परवानगी तेवढी यायची आहे.

परवा मी विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते की," हे म्हणाले. "म्हणून तर फळ्या परत केल्या."

त्यानंतर मी "राहू द्या" म्हटलेलं नाही. झोप मात्र अजून लागत नाही.

आपण यांना इतकी माया दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचं नाव राहिलं असेल, काही अधिक-उणं झालं असेल, तर पोटात घाला. आणि उड्डाणाच्या दिवशी नक्की या. फक्त टाळ्या विमान वर जाताना नकोत. खाली उतरल्यावर वाजवा.