गाडी जागेवर, रस्ता हातात

...आणि वर बायको म्हणे, घाबरायचं काय त्यात, बसूनच तर शिवायचंय! बसून? तुम्हाला सांगतो, मी भित्रा नाही. जन्मभर बस चालवली. ब्रेक गेलेली बस उतारावर डोंगराला घासून थांबवली आणि खाली उतरून शांतपणे चहा प्यायलो. पण बसचं कसं असतं, रस्ता जागच्या जागी राहतो आणि गाडी पुढे जाते. हे गोधडीचं मशीन सगळं उलटं! गाडी जागेवर थडथडणार आणि रस्ता आपण दोन्ही हातांनी ओढायचा... त्या सुईखालून! कापड आपोआप पुढे सरकत नाही, आपणच ढकलायचं. मध्ये बोट आलं तर बोटही गोधडीत.

मशीन बायकोचं. मागच्या खेपेला लेकीचं बाळ सातव्या महिन्यात गेलं, तेव्हा हिने हौसेने आधीच शिवलेलं सगळं कपाटाच्या तळाशी गेलं. म्हणून या वेळी नववा लागेपर्यंत हिने कात्रीला हात लावला नाही. मग एकदाची बसली, तुकडे जोडून वरचा थर केला, मध्ये कापूस, खाली अस्तर, सगळं टाचून ठेवलं... आणि न्हाणीघरात पाय घसरून उजवं मनगट मोडून घेतलं. म्हणाली, "अहो, आता तुम्हीच." बाहेरून शिवून आणू म्हटलं, तर नुसती बघत राहिली. मी भित्रा नाही हो, पण त्या बघण्यापुढे... बसलो.

कोपर टेबलाच्या पातळीला हवं म्हणे. खुर्ची वर घेतली, तर पाय पेडलला पोचेना. पेडलखाली फळी सरकवली. हातात रबरी ठिपक्यांचे मोजे चढवले, कापड घसरू नये म्हणून. आणि पाय ठेवला मात्र... ड्रायव्हरचा पाय तो, चढ दिसल्यासारखा दाबला गेला! थडथडथडथड! ही ओरडली, वेगाचं बटण कासवावर आणा. कासवाचं चित्र असतं त्यावर, सशाचंही असतं. कासवावर आणलं. आता मशीन कासव आणि माझे हात ससा! टाके हे बोटभर लांब. हात आवरले, तर टाके एकाच जागी ढीग. उलटून बघतो तर खाली दोऱ्याचं घरटं!

मशीनच्या मेकॅनिकला फोन लावला. त्याचा आवाज असा, जणू नुकताच जेवून आडवा झालाय. "काका... घाबरू नका... पाय वर करा." मी केले, दोन्ही. "केले," म्हटलं. "तुमचे नाही काका... मशीनचा." सुईजवळचा तो दाबाचा पाय उचलून दोरा ओवायचा असतो, नाहीतर दोरा ताण देणाऱ्या चकत्यांमध्ये बसत नाही, सैल राहतो. ओवला. वरच्या दोऱ्याचं टेन्शन जरा आवळलं. चिंधीवर चालवून पाहिलं, बरं आलं.

मग खरी गोधडी. पहिल्याच कोपऱ्यात सुई आत रुतलेली असताना मी कापड ओढलं... टक्! सुईचा तुकडा उडून चष्म्याच्या काचेवर. चष्मा नसता तर? मी ताडकन उठलो. मला नाही जमायचं, म्हटलं, भीती वाटते.

हिने प्लास्टरवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "मलाही वाटते. मशीनची नाही."

नवी सुई लावली आणि बसलो. साप सरपटल्यासारखा पहिला कोपरा, मग दुसरा, मग जरा नीट... तेवढ्यात जावयाचा फोन, लेकीला दवाखान्यात नेलंय. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलंच नाही. पेडलवरचा पाय काढायची छाती होईना. थांबलो असतो तर काय काय मनात आलं असतं! ओळीमागून ओळ, ही कापडाची कड धरतेय, मी ओढतोय... शेवटची ओळ संपायच्या आत फोन पुन्हा वाजला. जावयाने फोन बाळाजवळ धरला होता, आणि ती पोर काय भोकाड पसरून रडत होती! इतकं गोड कुणी रडलेलं मी ऐकलं नाही.

आता नात तीन महिन्यांची आहे. लेकीचा परवा फोन. "बाबा, तो वाकडातिकडा कोपरा मुठीत असल्याशिवाय ती झोपतच नाही. धुवायला काढली की आकांत. अजून एक शिवा ना, चारही कोपरे तसेच वाकडे."

बसलोय सकाळपासून. रेघ मारतोय ती सरळ. मुद्दाम हात हलवला, तरी सरळ! बायकोला विचारलं, तर म्हणते, "जरा घाबरून बघा."

तुम्हाला सांगतो, मी भित्रा नाही... पण आता तीच पंचाईत झालीय.