उस्मानने माझे केस का धरले

नाव: शामला वामन उपळेकर. वय: पासपोर्टावर ६९, खरं ७२. शिक्षण: दुसरी, तीही अर्धी. धंदा: घरकाम, सुट्टी नाही. हल्ली राहणार: मुलगा विश्वास याच्याकडे, चौथा मजला, मंगफ, कुवेत. कायमचं गाव: लांजा, जिल्हा रत्नागिरी. तारीख: १० मार्च २००४, बुधवार.

मी स्वतःच्या पायांनी पोलीस ठाण्यात येऊन समक्ष सांगते की, मला कोणी आणलेलं नाही. "आई, आपण परक्या देशात आहोत, यात पडू नकोस," असं मुलगा म्हणाला होता. तो ऑफिसला गेल्यावर मी टॅक्सी केली. माझं बोलणं मराठीत लिहून साहेबांना अरबीत सांगणारा महबूब ठाण्याबाहेर अर्ज टाइप करतो. आमच्याच जिल्ह्यातला आहे. एक शब्द गाळलास तर सही देणार नाही, असं त्याला बजावलं आहे.

सोमवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास मी बिल्डिंगच्या गच्चीवर कोहळ्याचे सांडगे वाळत घालत होते. गच्चीवर जायला मनाई आहे, हे खरं. दार कोणी उघडून दिलं ते आठवत नाही, वय झालं. सांडगे एकशे बारा होते, ते आठवतं. वाकलेली उठताना टीव्हीच्या छत्रीची कड डोक्यात मागच्या बाजूला लागली आणि दोन बोटं लांब जखम झाली. छत्री तिसऱ्या मजल्यावरच्या जगन्नाथरावांची. तक्रारही त्यांचीच.

बिल्डिंगचा हारिस म्हणजे पहारेकरी उस्मान, त्याने खांद्यावरचा गमछा जखमेवर दाबून धरला. रक्त थांबल्यावर खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंना बोलावून आणलं. त्यांचं नाव मला माहीत आहे, सांगणार नाही. हॉस्पिटलबाहेर इलाज केला तर त्यांची नोकरी जाईल. महबूबने अरबीत "आठवत नाही" असं सांगितलेलं दिसतं, कारण साहेबांनी पुन्हा विचारलं नाही. चालेल.

मी नर्सबाईंना म्हटलं, "सुई तरी धुतलेली आहे ना?" त्या म्हणाल्या, "आजी, टाके नकोत. तुमचे केसच पुरतील." त्यांनी जखम धुतली. जखमेच्या अलीकडचे चार-पाच आणि पलीकडचे चार-पाच केस घेतले, जखमेवरून आडवे ओढून त्यांना एकच पीळ दिला. गाठ नाही. पिळावर कातडी चिकटवायच्या औषधी डिंकाचा एक थेंब. जखमेची तोंडं मिटली. असे चार झाले. पाचव्याला डिंकाची नळी संपली. दुसरी आणायला त्या खाली गेल्या आणि उस्मानला सांगून गेल्या, "दोनों तरफ से पकड़ के रखो. कुछ भी हो जाए, छोड़ना नहीं."

उस्मानने दोन्ही हातांनी धरलं. "अम्मा, हिलना मत," म्हणाला.

छत्री सरकल्याने टीव्हीचं चित्र गेलं म्हणून जगन्नाथराव वर आले. मी मान खाली घालून बसलेली, उस्मानच्या मुठींत माझे केस आणि त्याच्या हाताला रक्त, एवढं त्यांनी पाहिलं. ते ओरडले, "अरे सोड! म्हाताऱ्या बाईला मारतोस?"

मी म्हटलं, "जगन्नाथराव, ओरडू नका, तो सोडेल!"

उस्मानने सोडलं नाही. त्याला तसं सांगितलेलं होतं. जगन्नाथराव रिफायनरीत मोठे इंजिनिअर आहेत, पण मला चार शब्द विचारायच्या आधी त्यांनी खाली जाऊन पोलिसांना फोन केला. नर्सबाईंनी पाचवा पीळ पुरा केला आणि मीच त्यांना घरी पिटाळलं. पोलीस आले, त्यांना उस्मानचे हात दिसले. मला अरबी येत नाही.

तेव्हापासून उस्मान आत आहे. त्याचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा आहे तो मालक, उद्या त्याला कायमचा बांगलादेशात सिल्हेटला पाठवणार आहे असं कळलं, म्हणून मी आले. त्याच्या घरी कोण कोण खाणारं आहे ते मला ठाऊक आहे. इथे लिहायचं कारण नाही.

मी जखम साहेबांना दाखवली. साहेब म्हणाले, इलाज झाला तर टाके कुठे आहेत? केस ओढून पिळलेले मात्र दिसतात. मी म्हटलं, तोच तर इलाज. साहेबांना पटेना. केसांनी जखम मिटत नाही म्हणाले. मी म्हटलं, करून दाखवते. महबूबच्या डोक्यावर केस नाहीत. साहेबांचे दाट आहेत. साहेब आधी नको म्हणाले, मग हसून मान खाली करून बसले. मी खुर्चीमागे उभी राहून दोन्हीकडचे केस घेतले, पीळ दिला आणि घट्ट धरले.

तेवढ्यात एक शिपाई चहा घेऊन आत आला. त्याने ट्रे टाकला, आरडाओरडा केला आणि माझा दंड धरला. मी सोडलं नाही. मी म्हटलं, "महबूब, साहेबांना विचार, मला किती दिवस आत ठेवणार?"

साहेबांनी शिपायाला माझा दंड सोडायला सांगितलं आणि उस्मानला आणायला पाठवलं.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. जगन्नाथरावांनी छत्री हातभर वर बसवावी.

हे सगळं महबूबने मला मोठ्याने वाचून दाखवलं. दोन ठिकाणी त्याने मला सभ्य केलं होतं, ते पुसायला लावलं. आता माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. साहेब अरबी प्रतीवरही सही मागत आहेत. ती मला वाचता येत नाही, विश्वास येऊन करेल. उस्मान दारात उभा आहे, दोन दिवसांत वाळून गेला आहे, आणि मला घरी जाऊन भात टाकायचा आहे.

(सही) शामला वामन उपळेकर