ओसरीवरचा धनगरी कुत्रा

कुत्रा पाळायचा म्हणता? आधी आमच्या धुळ्याच्या नानांचं ऐका. गोऱ्या साहेबाकडे कुत्रा दिसला, म्हणून यांनीही साक्रीच्या बाजारात धनगराकडून मेंढ्या राखणारा कुत्रा घेतला.

धनगराने विचारलंही, "नाना, याले दिवसभर काम लागस. तुमनाकडे काय काम शे?"

"काम कसलं? ओसरीवर नुसतं बसायचं!"

म्हणजे नाना करतात तेच.

संध्याकाळी ओसरीवर नानांची बढाई सुरू झाली. भोवती फुकट चहावाले माना डोलवत होते. कुत्र्याने भुंकून, धोतरं ओढून नानांसकट सगळा कळप गोठ्यात कोंडला आणि स्वतः दारात बसला.

नाना आतून ओरडले, "अगं, आवर याला!"

काकू म्हणाल्या, "कशाला? या घरात पहिल्यांदाच कुणीतरी काम करतंय."