मोरूअण्णांच्या गळ्यातला हार

मंडळी, ऐका. पाप घडायला मनात पाप असावं लागतं का? लागतं म्हणता? मग नीट ऐका, कारण या आख्यानातला पापी तुमच्यासमोर चिपळ्या घेऊन उभा आहे.

गेल्या माघात इथंच कीर्तन होतं. मला ताप! सौभाग्यवती म्हणाली, "जाऊ नका." मी म्हटलं, "तिथी ठरलेली आहे, देव काय म्हणेल?" देव काहीच म्हणाला नसता. त्याला जरा विश्रांती मिळाली असती.

आरती झाली. यजमानांनी मला हार घातला. आमच्या घराण्याची रीत अशी, की तोच हार पेटीवाल्याच्या गळ्यात घालायचा आणि त्याला मिठी मारायची. पेटीवर मोरूअण्णा जोगळेकर, वय अडुसष्ट. मारली मिठी — आणि खोकलो, थेट त्यांच्या तोंडावर.

पुढचं घडलं मोरूअण्णांच्या श्वासनलिकेत. तिथं एक पेशी, भारी अगत्याची. दाराशी आला फ्लूचा विषाणू. अंगावर चरबीचं पातळ पांघरूण. कोणाचं? माझ्याच पेशीचं, निघताना ओढून आणलेलं! पेशीनं त्याला पिशवीत गुंडाळून आत घेतलं. मग रिवाजाप्रमाणे पिशवीत आम्ल सोडलं, आलेलं पचवायला. हा त्याचीच वाट बघत होता. आम्ल लागलं, त्याच्या अंगावरचा दुमडलेला काटा उलगडला, पिशवीच्या भिंतीत रुतला आणि परत दुमडला. भिंत आणि पांघरूण एकमेकांना भिडली. वरणावरचे तुपाचे दोन थेंब एक होतात ना, तशी एक झाली. मध्ये भोक पडलं, आतला ऐवज, म्हणजे विषाणूच्या नकला काढायचा हुकूम, थेट पेशीत! दार फुटलं नाही, कडी वाजली नाही.

मोरूअण्णा अठरा दिवस प्राणवायूवर होते. वाचले. पण भाता मारताना अजून धाप लागते, म्हणून आज पेटीवर त्यांची सून वसुधा आहे. परवा मी जाऊन त्यांचे पाय धरले. ते म्हणाले, "बुवा, तुमचं अंग तापलेलं मला कळलं होतं."

"मग मला ढकललं का नाहीत?"

"चार माणसांत हार नको कसं म्हणायचं?"

मंडळी, ताप घेऊन आलो मी, आणि नको म्हणायचा संकोच त्यांना! फार वाईट वाटलं.

तेव्हा आज हार वसुधाताईंच्या गळ्यात नाही, पेटीवर ठेवतो. आणि तिसऱ्या रांगेतले काका, मघापासून खोकताय. उठा, घरी जा. प्रसाद पोचेल. शेजारच्यांनो, "बसा हो, आरती होऊ दे" म्हणून त्यांचा हात धरलात ना? तो आधी सोडा.